कॉम्प्युटरच्या हाती रिमोट: इन्फ्रारेडने सेट-टॉप बॉक्स चालवायला शिकताना

सामानाची यादी करण्याआधी एक तपासणी करा. सेट-टॉप बॉक्सचा रिमोट घेऊन शेजारच्या खोलीत जा, दार लावा आणि चॅनेल बदलून पाहा. बदललं नाही, तर रिमोट बहुधा इन्फ्रारेडचा आहे आणि हा लेख तुमच्या कामाचा आहे. बंद दारातूनही बदललं, तर तो ब्लूटूथ किंवा तत्सम रेडिओ लहरींवर चालतो. अशा रिमोटमधली एखाददोन बटणंच, बहुतेक वेळा टीव्ही चालू-बंद करण्याचं आणि आवाजाचं, इन्फ्रारेडवर असतात. मग बॉक्सला इन्फ्रारेडचा डोळा दिलेला आहे का, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत आधी बघून घ्या. नसेल तर खालची सगळी मेहनत वाया जाईल.

दुसरी तपासणी मोबाइलच्या कॅमेऱ्याने. कॅमेरा सुरू करून रिमोटचं तोंड त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. पडद्यावर फिकट जांभळट किंवा पांढरा ठिपका लुकलुकताना दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात काही दिसलं नाही तर पुढच्या कॅमेऱ्याने बघा, कारण बऱ्याच फोनच्या मागच्या कॅमेऱ्यावर इन्फ्रारेड अडवणारी काच जास्त कडक असते. ही युक्ती लक्षात ठेवा. पुढे स्वतःचा एलईडी पेटतोय की नाही हे याच युक्तीने कळणार आहे.

मी या कामाला लागलो ते आईसाठी. संधिवातामुळे तिला रिमोटची बारीक बटणं दाबवेनात. कीबोर्डची मोठी कळ मात्र ती सहज दाबते. तुमचं कारण वेगळं असेल: ठरावीक वेळी चॅनेल लावून कार्यक्रम रेकॉर्ड करायचा असेल, दुसऱ्या खोलीतला बॉक्स इथून चालवायचा असेल, किंवा एकाच वेळी पाच-सहा बॉक्स तपासायचे असतील. काम सगळ्यांसाठी सारखंच आहे, आणि त्यातली खरी अडचणही एकच आहे. इन्फ्रारेड हे एकतर्फी बोलणं आहे. कॉम्प्युटर सांगतो, पण बॉक्सने ऐकलं की नाही हे त्याला कधीच कळत नाही. कॉम्प्युटरने सिग्नल पाठवला म्हणजे काम झालं, असं नवशिके धरून चालतात. या लेखातली बरीचशी खबरदारी त्या एका गोष्टीपायी आहे.

बटण दाबल्यावर काय होतं

रिमोटमधला एलईडी साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकतो. पण खोलीत ऊन असतं, दिवे असतात, त्या सगळ्यातही इन्फ्रारेड असतोच. त्या गर्दीत रिमोटचा आवाज ओळखू यावा म्हणून हा प्रकाश सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा चालू-बंद होतो. ही ३८ किलोहर्ट्झची वाहक लहर. बॉक्समधला रिसीव्हर फक्त त्याच वेगाने लुकलुकणारा प्रकाश मोजतो आणि बाकीचा सोडून देतो.

संदेश असतो तो या लुकलुकण्याच्या आणि मधल्या शांततेच्या लांबीत. उदाहरणार्थ, फार ठिकाणी आढळणारी एनईसी कंपनीची पद्धत घ्या. आधी ९ मिलिसेकंद लांब पल्स, म्हणजे लुकलुकणाऱ्या प्रकाशाचा तुकडा, मग ४.५ मिलिसेकंद शांतता. ही झाली हाक. त्यानंतर ३२ बिट, म्हणजे शून्य किंवा एक अशा ३२ खुणा. प्रत्येक बिटच्या सुरुवातीला सुमारे ५६२ मायक्रोसेकंदांची पल्स असते. तिच्यानंतरची शांतता तेवढीच असेल तर बिट शून्य, तिप्पट म्हणजे सुमारे १,६८७ मायक्रोसेकंद असेल तर बिट एक. बटण दाबून धरलं तर संपूर्ण संदेश पुन्हा जात नाही. साधारण दर १०८ मिलिसेकंदांनी ‘तेच चालू आहे’ एवढं सांगणारी छोटी खूण जाते.

फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीत वाहक लहर ३६ किलोहर्ट्झची, संदेश १४ बिटचा, आणि त्यात टॉगल नावाचा एक बिट असतो. सोनीची पद्धत ४० किलोहर्ट्झवर चालते. हे आकडे पाठ करायची गरज नाही, पण टॉगल हा शब्द मनात असू द्या. त्याने मला दोन संध्याकाळी झुलवलं होतं.

साधन कोणतं घ्यायचं

थेट कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमने एलईडी लुकलुकवायला जाऊ नका. विंडोज असो वा लिनक्स, ऑपरेटिंग सिस्टिम एकाच वेळी शेकडो कामं करत असते. ५६२ मायक्रोसेकंदांचा नेमकेपणा साध्या प्रोग्रॅमला जमेल याची तिथे खात्री नसते. वेळ सांभाळायचं काम एखाद्या छोट्या चिपकडे किंवा ड्रायव्हरकडे द्यायचं आणि कॉम्प्युटरने फक्त ‘आता हे बटण’ एवढंच सांगायचं.

यासाठी तीन वाटा आहेत. यूएसबीला लावायचा तयार ट्रान्समीटर ही सर्वांत कमी कटकटीची, फक्त विकत घेताना तो पाठवतोही ना हे बघा, कारण काही यूएसबी उपकरणं नुसती ऐकतात. दुसरी वाट आर्डुइनो किंवा ईएसपी जातीच्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाची, म्हणजे एकच ठरलेलं काम करणाऱ्या छोट्या चिपच्या बोर्डाची. त्यात आयआर-रिमोट नावाची लायब्ररी टाकायची, आणि कॉम्प्युटरने यूएसबी सिरियल पोर्टवरून एक ओळ पाठवली की बोर्डाने ते बटण ‘दाबायचं’. ज्यांच्याकडे विंडोजचाच कॉम्प्युटर आहे त्यांना हीच वाट सोयीची. तिसरी रास्पबेरी पाय या एका बोर्डावरच्या छोट्या लिनक्स कॉम्प्युटरची, जिथे लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, इन्फ्रारेडची सगळी व्यवस्था आहे. पुढचं वर्णन मी तिसऱ्या वाटेने करतो, कारण आतमध्ये काय चाललंय ते तिथे सर्वांत स्पष्ट दिसतं. आणि शिकणाऱ्याला ते दिसलं पाहिजे.

साउंड कार्डचीही एक जुनी, देखणी युक्ती आहे. हेडफोनच्या तारेला दोन एलईडी एकमेकांच्या उलट दिशेने जोडायचे आणि १९ किलोहर्ट्झचा सूर वाजवायचा. लहरीच्या वरच्या अर्ध्या भागात एक एलईडी पेटतो, खालच्या अर्ध्या भागात दुसरा, आणि बॉक्सला दिसतात ३८ किलोहर्ट्झ. जमली तर फार आनंद देते, पण हेडफोनचा व्होल्टेज तोकडा पडतो आणि दोष शोधणं कठीण जातं. पहिलाच प्रयोग म्हणून करू नका.

जोडणी

दोन भाग करायचे आहेत: कान आणि तोंड.

कान म्हणजे तीन पायांचा इन्फ्रारेड रिसीव्हर, उदाहरणार्थ टीएसओपी ३८२३८. याच्यातच वाहक लहर गाळायची सोय असते. एक पाय सिग्नलचा, एक ग्राउंड, एक वीज घेणारा. पायांचा क्रम मॉडेलप्रमाणे बदलतो, म्हणून डेटाशीटमधलं चित्र बघूनच जोडा. उलटा जोडलेला रिसीव्हर क्षणात गरम होतो. वीज ३.३ व्होल्टचीच द्या. ५ व्होल्टवरही तो चालतो, पण मग सिग्नलच्या पायावर ५ व्होल्ट येतात आणि रास्पबेरी पायची पिन तेवढी सोसत नाही.

तोंड म्हणजे ९४० नॅनोमीटरचा एलईडी. तो थेट पिनला जोडू नका. पिन जेमतेम १६ मिलिअँपिअर देते, एलईडीला त्याहून बरेच लागतात. मध्ये बीसी ५४७ सारखा साधा एनपीएन ट्रान्झिस्टर घाला. छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा हा भाग, आणि बेस, एमिटर, कलेक्टर हे त्याचे तीन पाय. पिनपासून ट्रान्झिस्टरच्या बेसपर्यंत १,००० ओहमचा रेझिस्टर, एमिटर ग्राउंडला, ५ व्होल्टपासून ६८ ओहमचा रेझिस्टर, मग एलईडीचा लांब पाय, आणि आखूड पाय कलेक्टरला. हिशेब असा: ५ व्होल्टमधून एलईडीवर सुमारे १.३ आणि ट्रान्झिस्टरवर ०.२ व्होल्ट जातात, उरलेले ३.५ भागिले ६८ म्हणजे साधारण ५० मिलिअँपिअर. रेझिस्टर याहून छोटा घेतला तर पल्ला वाढतो, पण प्रोग्रॅम अडकून पिन चालूच राहिली तर एलईडी किंवा ट्रान्झिस्टर जळू शकतो. ५० मिलिअँपिअरला ती भीती नाही, आणि एलईडी बॉक्ससमोर चिकटवायचा असल्याने पल्ल्याची गरजही नाही.

रास्पबेरी पायच्या प्रोग्रॅमने चालवता येणाऱ्या पिनांना जीपीआयओ म्हणतात. कानाचा सिग्नल जीपीआयओ १८ ला आणि ट्रान्झिस्टरचा बेस (त्या १,००० ओहमच्या रेझिस्टरमधून) जीपीआयओ १७ ला न्या. हे क्रमांक आणि बोर्डावरच्या पिनांचा मोजणीचा क्रम वेगवेगळे आहेत: जीपीआयओ १८ म्हणजे मोजून बारावी पिन, आणि जीपीआयओ १७ म्हणजे अकरावी. इथे पुष्कळ जण चुकतात.

ड्रायव्हर सुरू करणं

इथून पुढे कमांड आणि फाइलींची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहितोय. टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत लिहायची आहेत.

बूट फोल्डरमधल्या (सिस्टिमच्या नव्या आवृत्त्यांत त्याच्या आतल्या ‘फर्मवेअर’ फोल्डरमधल्या) ‘कॉन्फिग डॉट टीएक्सटी’ या फाइलमध्ये दोन ओळी वाढवायच्या. दोन्हींची सुरुवात ‘डीटीओव्हरले’ आणि बरोबरच्या चिन्हाने. पहिल्या ओळीत ड्रायव्हर ‘जीपीआयओ-आयआर’ आणि पिन १८. दुसऱ्या ओळीत ‘जीपीआयओ-आयआर-टीएक्स’ आणि पिन १७. फाइल जतन करून मशीन पुन्हा सुरू करा. आता ‘डेव्ह’ फोल्डरमध्ये ‘एलआयआरसी०’ आणि ‘एलआयआरसी१’ अशी दोन उपकरणं दिसतील. एक कान, एक तोंड. कोणतं कुठलं हे प्रत्येक वेळी मशीन सुरू झाल्यावर सारखंच राहील असं धरू नका. ‘व्ही४एल-यूटिल्स’ या पॅकेजमधली ‘आयआर-सीटीएल’ कमांड ‘फीचर्स’ पर्यायासह चालवली की कोणतं उपकरण ऐकतं आणि कोणतं पाठवतं ते ती सांगते.

बटणं शिकवणं

‘आयआर-सीटीएल’ला कानाचं उपकरण द्या, ‘रिसीव्ह’ पर्यायात फाइलचं नाव द्या आणि सोबत ‘वन-शॉट’ हा पर्याय लावा, म्हणजे एक संदेश ऐकून ती थांबेल. रिमोट कानासमोर हातभर अंतरावर धरा आणि बटण झटकन दाबून सोडा.

फाइल उघडून बघा, घाई करू नका. अधिक चिन्हाचा आकडा म्हणजे तेवढे मायक्रोसेकंद प्रकाश, उणे चिन्हाचा म्हणजे तेवढी शांतता. सुरुवातीला अधिक ९,०२० आणि उणे ४,४८० च्या आसपास आकडे दिसले, की ती एनईसीची हाक हे तुम्हाला आता ओळखू येईल. पुढचे आकडे ५६० आणि १,६८० च्या अवतीभवती घोटाळतील. तंतोतंत येणार नाहीत, आणि यायची गरजही नाही. रिसीव्हर पल्स थोडी ताणतो किंवा आखडतो, आणि बॉक्स तेवढं चालवून घेतो.

या नोंदीत एक गोष्ट नसते: वाहक लहरीचा वेग. कानाने ती आधीच गाळून टाकलेली असते. ती तुम्हाला पद्धतीवरून ओळखावी लागते, आणि त्यासाठी ‘आयआर-कीटेबल’ ही कमांड उपयोगी. तिला सगळ्या पद्धती चालू करून चाचणीवर ठेवलं आणि बटण दाबलं, की ती पद्धतीचं नाव, बटणाचा कोड आणि टॉगल सांगते. एनईसी आली तर ३८, आरसी-५ किंवा तिची पुढची आवृत्ती आरसी-६ आली तर ३६, सोनी आली तर ४० किलोहर्ट्झ. पद्धत ओळखता आली नाही तर ३८ पासून सुरुवात करा. थोड्या फरकाने चुकलात तरी बॉक्स जवळून ऐकतो, फक्त पल्ला घटतो. मात्र ५६ किलोहर्ट्झवर चालणारे बॉक्सही आहेत, आणि तिथे ३८ चा कान नोंदच नीट घेत नाही.

पद्धत ओळखली गेली तर कच्ची नोंद न वापरता तिचा कोडच पाठवणं अधिक चांगलं. ‘आयआर-सीटीएल’ला पद्धतीचं नाव आणि कोड दिला की ती स्वतः स्वच्छ आकडे तयार करते.

पाठवणं, आणि स्वतःचंच बोलणं ऐकणं

आता ‘सेंड’ पर्यायात ती फाइल, ‘कॅरिअर’ पर्यायात ३८,००० आणि तोंडाचं उपकरण द्या. बॉक्सने ऐकलं तर उत्तम. नाही ऐकलं तर अंदाजाने तारा हलवत बसू नका, क्रमाने जा.

आधी मोबाइलच्या कॅमेऱ्यात एलईडी पेटतो का बघा. नाही पेटला तर दोष जोडणीत आहे: एलईडी उलटा, ट्रान्झिस्टरचे पाय चुकलेले, किंवा उपकरण म्हणून चुकून कानच दिलेला. पेटला तर एलईडी स्वतःच्याच कानासमोर धरा, एका टर्मिनलमध्ये ऐकणं सुरू ठेवा आणि दुसऱ्यातून पाठवा. मूळ रिमोटची नोंद आणि तुमची नोंद शेजारी शेजारी ठेवून वाचा. आकडे जुळले तर बोलणं बरोबर आहे आणि प्रश्न जागेचा किंवा वाहक लहरीचा आहे. जुळले नाहीत तर बिघाड कुठल्या आकड्यापासून सुरू होतो ते तिथेच दिसतं. एकतर्फी बोलण्यात एवढी एकच गोष्ट आपल्याला खात्रीने तपासता येते, म्हणून ती सवय लावून घ्या.

१५५ चा १५ का होतो

आरसी-५ आणि आरसी-६ वापरणाऱ्यांनी हा भाग सावकाश वाचावा. माझ्या बॉक्सवर १२३ नीट लागायचं, १५५ पाठवलं की १५ लागायचं. मी अंकांमधलं अंतर वाढवलं, कमी केलं, एलईडी बदलला. काही फरक पडेना.

कारण टॉगल बिट. रिमोटवर बटण दर वेळी नव्याने दाबलं की तो बिट उलटतो: शून्याचा एक, एकाचा शून्य. बटण दाबून धरलं तर उलटत नाही. त्यावरूनच बॉक्सला ‘पाच पुन्हा दाबलं’ आणि ‘पाच दाबूनच धरलंय’ यातला फरक कळतो. नोंदलेल्या फाइलमध्ये हा बिट गोठलेला असतो. तीच फाइल दोनदा पाठवली की बॉक्स म्हणतो, हे एकच दाबणं आहे.

यावर उपाय दोन. पहिला: प्रत्येक बटण दोनदा दाबून दोन वेगळ्या फाइल नोंदवा, एक टॉगल शून्याची, एक टॉगल एकची, आणि पाठवताना आलटून पालटून वापरा. हिशेब प्रत्येक बटणाचा वेगळा नाही, सगळ्यांचा मिळून एक ठेवायचा. मागच्या खेपेला शून्य गेलं असेल तर आता एक, बटण कुठलंही असो. दुसरा: एलआयआरसी हा जुना, भक्कम प्रोग्रॅम वापरा. त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये टॉगल बिट कोणता हे नोंदवलं की उलटवण्याचं काम तो करतो. माझं मत पहिल्या उपायाच्या बाजूने आहे, कारण त्यात काय जातंय ते डोळ्यांसमोर राहतं.

चॅनेल लावणारी स्क्रिप्ट

आता या पाठवण्याच्या कमांड एकापाठोपाठ चालवणारी छोटी फाइल, म्हणजे स्क्रिप्ट, लिहायची. अंकांमध्ये ४०० मिलिसेकंदांच्या आसपास अंतर ठेवून सुरुवात करा. फार घाई केली तर बॉक्स एखादा अंक गिळतो. फार सावकाश केलं तर पहिल्या अंकावरच समाधान मानून तो चॅनेल १ लावून मोकळा होतो. शेवटच्या अंकानंतर ओके पाठवा, म्हणजे पुढच्या अंकाची वाट बघण्यात वेळ जात नाही.

आणि अंकांच्या आधी ‘एक्झिट’ दोनदा पाठवा. बॉक्सवर मेनू उघडा असेल, एखादी सूचना पडद्यावर असेल, तर अंक भलतीकडे जातात. आपल्याला बॉक्सची अवस्था दिसत नाही, म्हणून ती आधी ठाऊक असलेल्या ठिकाणी आणायची.

सगळ्यात वाईट बटण पॉवरचं. एकच बटण चालूही करतं आणि बंदही. रात्री ठरल्या वेळी स्क्रिप्टने पॉवर पाठवलं आणि बॉक्स आधीच चालू असेल, तर रेकॉर्डिंगऐवजी काळा पडदा मिळतो. काही बॉक्स स्टँडबायमध्ये असताना अंकाचं किंवा चॅनेल वर-खाली करण्याचं बटण दाबलं तरी जागे होतात, आणि तीच बटणं त्यांना झोपवत मात्र नाहीत. तुमचा बॉक्स तसा असेल तर पॉवरला हातच लावू नका. नसेल तर अवस्था दुसऱ्या मार्गाने विचारा: बॉक्सच्या पुरवठ्यावर वीज मोजणारा प्लग लावून चालू आणि स्टँडबायमधला वॅटचा फरक बघा, किंवा एचडीएमआय कॅप्चर कार्ड असेल तर चित्र येतंय का ते तपासा. बॉक्स नेटवर्कला जोडलेला असला तर पिंगला, म्हणजे नेटवर्कवरून दिलेल्या ‘आहेस का?’ या हाकेला, उत्तर येतं का पाहा, पण काही बॉक्स झोपेतही उत्तर देतात, म्हणून आधी दोन्ही अवस्थांत करून बघा.

बरेच बॉक्स काही तास रिमोट वापरला गेला नाही की आपोआप स्टँडबायमध्ये जातात. लांब रेकॉर्डिंग असेल तर ही सोय सेटिंगमध्ये बंद करा.

एलईडीची जागा

बॉक्सच्या पुढच्या काळ्या काचेवर तिरकस टॉर्च मारा. आत छोटा, काचेच्या मण्यासारखा रिसीव्हर दिसेल. एलईडी बरोबर त्याच्यासमोर, बोटभर अंतरात चिकटवा. वर काळी इन्सुलेशन टेप लावली की बाहेरचं ऊन आणि दिव्यांचा त्रास थांबतो, पण मग मूळ रिमोटही चालणार नाही. घरात इतर कोणी रिमोट वापरत असेल तर एका बाजूने फट ठेवा.

सारखे दोन बॉक्स शेजारी असतील तर प्रत्येकाला वेगळा एलईडी, वेगळा ट्रान्झिस्टर, वेगळी पिन लागते, आणि टेपचं आवरण पूर्ण बंद लागतं. तरीही एकाचं दुसऱ्याला ऐकू जात असेल तर ६८ ओहमच्या जागी २२० ओहम घाला. इतक्या जवळून तेवढा प्रकाश भरपूर होतो, आणि भिंतीवर आपटून शेजारच्या बॉक्सपर्यंत जाणारा उजेड घटतो.

हे बसलं की स्क्रिप्टला कीबोर्डच्या कळा, वेळापत्रक, वेबपेजवरची बटणं, काय हवं ते जोडा. माझ्या आईच्या कीबोर्डवर सहाच कळा चालतात आणि प्रत्येकीवर मोठ्या अक्षरांत चॅनेलचं नाव चिकटवलंय. नोंदलेल्या फाइलींची एक प्रत दुसरीकडे ठेवा, आणि त्यात तुम्ही रोज न वापरणारी बटणंही आताच नोंदवून घ्या. मूळ रिमोट पडून बिघडला तर सेटिंगचं बटण नंतर शिकवायला काहीच उरत नाही.